विचारून जायची वाट

लव्हाळा पिवळा पडायला लागला की आमच्या घरात बोलणं कमी होतं आणि कण्हणं वाढतं. बाबांची कंबर, आईची मान आणि माझी बोटं, असा कण्हण्याचा क्रम ठरलेला आहे. ओढ्याकाठी आमचा एक लांबट तुकडा आहे. त्यात पीक म्हणाल तर फक्त लव्हाळा. तो कापायचा, वाळवायचा, पुन्हा भिजवायचा आणि घरच्या मागावर त्याच्या चटया विणायच्या, हा आमचा धंदा. गावात बाबांना चटईवाला म्हणतात. शाळेत मला नववीपर्यंत नुसतं 'चटई' म्हणायचे. आता म्हणत नाहीत. आता मी उलट बोलते.

ही करणी नागरिकशास्त्राच्या बाईंची. वादविवादात एका बाजूला माणूस कमी पडत होतं म्हणून त्यांनी मला शेवटच्या बाकावरून उठवून उभं केलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला लागले ती घंटा झाली तरी थांबेना. त्या दिवसापासून माझं तोंड मिटलेलं नाही. आई म्हणते, "बाईंना निरोप दे, नळ तुम्ही सोडलाय, बंद करायलाही तुम्हीच या." बाबा मात्र खूश. मागावर बसल्या बसल्या हाक मारतात, "वकिलीणबाई, जरा सुतळी द्या."

घरापासून त्या तुकड्याकडे जायला एकच सरळ वाट, बागवाल्यांच्या संत्र्याच्या बागेतून. फाटकातून आत शिरायचं, विहिरीला वळसा घालायचा, झाडांच्या दोन ओळींमधून हातगाडी ढकलत गेलं की थेट ओढा. बाबा तिथूनच जायचे, त्यांचे वडीलही तिथूनच. पण कसे जायचे ते सांगायला हवं. फाटक उघडंच असायचं. तरी बाबा गाडी बाहेर थांबवायचे. डोक्याचं फडकं सोडून हातात घ्यायचे आणि आत हाक टाकायचे, "आबा, येऊ का?"

आबा म्हणजे थोरले बागवाले. अख्खा गाव त्यांना आबाच म्हणतो. ते कुठल्यातरी झाडाआडून ओरडायचे, "ये की लेका! विचारतोस काय!" आणि हात असा हवेत उडवायचे, जणू कोंबडी हाकलतायत. मग बाबा "बरं" म्हणायचे, फडकं पुन्हा बांधायचे आणि गाडी आत ढकलायचे. हंगाम चालू असेपर्यंत रोज. मी आबांची नक्कल इतकी हुबेहूब करते की एकदा बाबांनी खरोखरच "बरं" म्हणून गाडी ढकलली होती.

"रोज रोज काय विचारायचं?" मी एकदा म्हटलं होतं. "ते नाही थोडंच म्हणणार आहेत?"

"नाही म्हणणार नाहीत म्हणून तर विचारायचं," बाबा म्हणाले. "पाय आपले असले तरी जमीन त्यांची आहे."

मागे आबांना झटका आला. वाचा गेली, एक बाजू गेली. उरला उजवा हात. त्यांना खुर्चीत बसवून फाटकाजवळच्या झाडाखाली आणून ठेवायचे. बाबा विचारायचे तसेच विचारायचे आणि आबांचा हात तसाच उडायचा. कोंबडी जाग्यावर होती.

यंदा फाटकाला कुलूप होतं.

आम्ही तिघं गाडी घेऊन उभे. गाडीत विळे, दोर, पाण्याची कळशी. फाटकाच्या दोन्ही बाजूंना नवी काटेरी तार, अजून चकाकणारी. बाबांनी सवयीने फडकं हातात घेतलं. आत आबा खुर्चीत होते. बाबा म्हणाले, "आबा, येऊ का?" हात उडाला. बाबा "बरं" म्हणाले आणि कुलपाकडे बघत राहिले.

धाकटे बागवाले, म्हणजे आबांचा मुलगा, विहिरीकडून हात पुसत आले. बाबांच्याच वयाचे. लहानपणी दोघं ओढ्यात बरोबर डुंबायचे म्हणे.

"दादा, कुलूप?" बाबा म्हणाले.

"हो रे, सांगायचं राहिलंच. आत ठिबकच्या नळ्या टाकल्यात. चाक गेलं की फुटतात."

"कडेकडेने नेतो गाडी. नळीला धक्का नाही लागू देणार."

"आज तू नेशील, उद्या आणखी कुणी येईल. वाटच बंद केली. बाग आता माझ्या नावावर झालीय, मला सगळं नीट लावायचंय. तू टेकडीवरून जा की."

"टेकडीवरून गाडी जात नाही दादा."

"मग डोक्यावरून न्या." त्यांनी आईकडे बघितलं. "वहिनींचा व्यायाम होईल."

आणि हसले. तसं वाईट नव्हते हसले, नेहमीचंच हसले. पण आईने पदर ओढून घेतला आणि ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. बाबांच्या हातातलं फडकं तसंच हातात होतं. आत आबांचा हात अजून उडत होता.

टेकडी म्हणजे नुसते दगड. चढताना निसटतात आणि उतरताना पायाखालून पळतात. कापलेला ओला लव्हाळा पोटात किती पाणी धरून असतो ते डोक्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. डोक्यावरची चुंबळ भिजते, पाणी कानामागून मानेवर, मानेवरून पाठीत. गाडीत पाच-सहा भारे रचून एका खेपेत यायचे, ते आता एकेक करून येत होते. लव्हाळा कापल्यावर पडून राहिला तर काळा पडतो, आणि उभा राहिला तर जून होऊन चिरतो. म्हणजे घाई दोन्हीकडून. एकदा उतारावर आई बसली. पडली नाही, नुसती भाऱ्यासकट खाली बसली आणि उठेना.

"काय झालं?" बाबांनी वरून विचारलं.

"काही नाही. व्यायाम करतेय."

आम्ही हसलो. आईही हसली, पण मान वळवून नाही. त्या दिवसापासून तिची मान डावीकडे वळेनाशी झाली. कुणी डावीकडून हाक मारली की ती सगळीच वळायची, कपाटासारखी.

त्याच आठवड्यात बाईंनी प्रकल्प दिला. "देशाचा एखादा कायदा घ्या. तो तुमच्या घरापर्यंत कसा पोचतो ते शोधा. पुस्तकातून उतरवून आणलंत तर परत करीन."

वर्गात गलका झाला. एकाने हेल्मेटचा कायदा घेतला, कारण त्याच्या मामाला दंड झाला होता. माझ्या मैत्रिणीने पाळीव कुत्र्यांचा घेतला, कारण तिला शेजाऱ्यांचा कुत्रा चावला होता आणि ती पुरावा म्हणून पोटरी दाखवायला तयार होती. बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू?"

"वाटेचा," मी म्हटलं. असा कायदा असतो की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

शाळेच्या ग्रंथालयात सगळ्यात खालच्या फळीवर कायद्याचे जाड ठोकळे होते. ग्रंथपाल सरांनी फडक्याने धूळ झटकली आणि म्हणाले, "वाचायला अवघड आहेत. पण उशाला घेतलेस तर झोप छान लागते." मी झोपले नाही. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, सर दिवे बंद करायला उठेपर्यंत मी त्या ठोकळ्यांत डोकं घालून बसायचे. एकेक वाक्य असं की सुरुवात कुठे झाली ते शेवटाला पोचेपर्यंत विसरावं. पण मला ते आवडायला लागलं. खरं सांगते, मला वेड लागलं त्याचं. कुणीतरी कधीतरी बसून सगळ्या भांडणांचा आधीच विचार करून ठेवलाय! पाणी कुणाचं, सावली कुणाची, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्याकडे आली तर काय!

आणि एका दुपारी ते पान सापडलं. वहिवाट. एखाद्याने दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्काने ये-जा केली असेल, तर त्याची ती वाट मालकाला बंद करता येत नाही.

मी किंचाळले. सर चष्म्यावरून बघत राहिले. मी दप्तर तिथेच टाकून घरी पळाले.

बाबा मागावर होते, आई कोपऱ्यात मानेला गरम फडकं लावून बसली होती. मी धापा टाकत सगळं म्हणून दाखवलं. बाबांनी हात थांबवले.

"म्हणजे कायद्याला आपली वाट माहीत आहे?"

"माहीत आहे बाबा!"

"कुणी सांगितली?"

"कुणी नाही. आपल्यासारखी आणखी माणसं असतील."

बाबांनी मागावरची काडी पुढे सारली आणि म्हणाले, "बघा, आपण उगीचच स्वतःला एकटं समजत होतो."

त्याच पुस्तकात पुढे होतं की ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार वकील देतं. मीच अर्ज लिहिला. मीच बाबांबरोबर कोर्टाच्या आवारात गेले. बाबांनी लग्नातला सदरा घातला होता आणि ते तिथल्या प्रत्येक शिपायाला नमस्कार करत होते. मिळाले ते वकील किडकिडीत होते, बोलताना खिशातून शेंगदाणे काढून खायचे. आई त्यांना मोफतवाले म्हणायची. पण माणूस भला होता. कागदांवरून मान वर करून त्यांनी मला विचारलं, "हे कुणी शोधलं?" बाबा म्हणाले, "आमच्या वकिलीणबाईंनी." मोफतवाल्यांनी दोन शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. माझी पहिली फी.

तारखा पडत गेल्या. शेवटी न्यायाधीश बाईंनी ठरवलं की त्या स्वतः येऊन वाट बघतील आणि बाबांची साक्षही तिथेच घेतील. मी तर हवेत होते. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर मी बागेचं फाटक काढलं, सताड उघडं, आणि त्यातून जाणारी हातगाडी. संत्री जरा भोपळ्याएवढी झाली, पण असो.

शाळेतल्या बाईंची अट होती की कायद्यातला प्रत्येक शब्द आपल्या भाषेत समजावून लिहायचा. मी एकेक घेत गेले. उघडपणे: लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या. शांततेने: भांडून नाही. खंड न पडता: मध्ये सोडून न देता. सगळं आमचंच वर्णन. राहिला एक शब्द, हक्काने. त्याचा खुलासा बारीक अक्षरात पुढच्या पानावर होता.

मालकाची परवानगी घेऊन केलेला वापर हा हक्काने केलेला वापर नव्हे, मग तो कितीही वर्षं चाललेला असो.

मी ते पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. मग पुस्तक उचलून सरळ शिक्षकांच्या खोलीत गेले.

"बाई, न विचारता गेलं तर वाट आपली होते, आणि विचारून गेलं तर होत नाही?"

बाईंनी वाचलं. चहाचा पेला खाली ठेवला. "हो. असंच आहे."

"पण का?"

"तू विचारतेस तेव्हा तूच मान्य करतेस की नाही म्हणायचा अधिकार समोरच्याचा आहे. मग तो कधीही नाही म्हणू शकतो."

"म्हणजे जो घुसतो त्याला मिळतं, बाई. आणि जो दारात थांबतो..."

बाईंनी मला कधी नव्हे ते जवळ ओढलं.

मोफतवाल्यांना सांगितलं तेव्हा ते शेंगदाणा तोंडात धरून थांबले. मग बाबांना म्हणाले, "खोटं बोला असं मी सांगणार नाही. पण जेवढं विचारतील तेवढंच बोला. आपणहून एक शब्द नको."

त्यांनी सांगितलं नाही, पण मी सांगितलं. स्पष्ट सांगितलं. "बाबा, विचारत होतो हे म्हणायचंच नाही. म्हणायचं, आमची वाट होती, आम्ही जात होतो. बस्स."

"आणि त्यांनी विचारलंच, परवानगी घेत होता का, तर?"

"म्हणायचं, आठवत नाही."

"रोजचं आठवत नाही?"

"बाबा!"

आम्ही तालीम केली. मी आईची काळी शाल पांघरली, बाबांच्या मागासमोर उलटी बादली ठेवून त्यावर पाय दिला आणि आवाज खोल केला. "हं, चटईवाले. त्या बागेतून तुम्ही कसे जात होता?"

"गाडी ढकलत."

"तसं नाही! कुणाला विचारून?"

"आबांना... नाही, नाही. चुकलो. पुन्हा घे."

"कुणाला विचारून?"

"आमची वाट होती, आम्ही... आबा असायचे तिथे, साहेब."

"बाबा!"

"पुन्हा घे, पुन्हा घे."

आई हसून हसून मान धरून बसली. "तुम्ही नुसते खोका," ती म्हणाली. "काही विचारलं की खोकायचं." पण शेवटी बाबांना जमलं. मी कितीही फिरवून विचारलं तरी ते म्हणायचे, "आमची वाट होती, आम्ही जात होतो." पाठ झालं. विणता विणता पुटपुटायचे. मला वाटलं, झालं. सुटलो.

पाहणीच्या दिवशी फाटकाचं कुलूप काढलेलं होतं. न्यायाधीश बाई पांढऱ्या गाडीतून आल्या. केस पिकलेले, पायात साधे बूट, चालण्यात घाई नाही. त्यांनी सगळी वाट चालून बघितली. फाटक, विहीर, दोन ओळींमधला चाकांनी दबलेला पट्टा, ओढा. तो पट्टा इतका दबलेला होता की तिथे गवतही उगवायला तयार नव्हतं. बाईंनी खाली वाकून मातीला हात लावला. मोफतवाल्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मग टेकडीवरची वाटही बघितली, लांबून. धाकट्या बागवाल्यांचे वकील म्हणाले, "दुसरा रस्ता आहे, बाईसाहेब. अवघड असेल, पण आहे." बाईंनी ते लिहून घेतलं.

साक्षीला झाडाखाली खुर्च्या मांडल्या. टंकलेखकाने संत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर यंत्र ठेवलं. आणि त्याच झाडाखाली, नेहमीच्या जागी, आबा होते. त्यांना कुणी मुद्दाम आणलं नव्हतं. ते तिथेच असायचे.

बाबा उभे राहिले. फडकं डोक्यावरून काढून त्यांनी हातात घेतलं. मी मनातल्या मनात ओठ हलवत होते. आमची वाट होती, आम्ही जात होतो.

धाकट्या बागवाल्यांच्या वकिलांचा आवाज मऊ होता. "किती वर्षं जाता इथून?"

"माझ्या वडिलांपासून."

"रोज?"

"हंगामात रोज."

"ही बाग कुणाची आहे हे ठाऊक होतं?"

"कुणालाही ठाऊक आहे साहेब."

"आणि तरी जात होता. कसे काय?"

"आमची वाट होती, आम्ही जात होतो."

शाब्बास बाबा, मी मनात म्हटलं. वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"अच्छा. म्हणजे हे म्हातारे गृहस्थ इथे बसलेले असायचे आणि तुम्ही यांच्या डोळ्यांदेखत, यांना काडीची किंमत न देता, गाडी आत घालायचा?"

बाबांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"आजारी माणूस. बोलता येत नाही. तुम्ही बघितलं, हा काय करणार आहे, आणि घुसलात. असंच ना?"

"आमची वाट..." बाबांनी सुरू केलं.

"या घराण्याने कधी तुमच्या वडिलांना नाही म्हटलं नाही. आणि तुम्ही बापलेक चोरासारखे..."

मोफतवाले उठले, "हरकत आहे." न्यायाधीश बाईंनीही हात वर केला. पण तोवर बाबांनी आबांकडे बघितलं होतं. आबा बाबांकडेच बघत होते. अर्ध्या चेहऱ्याने.

"न विचारता?" बाबा म्हणाले. "साहेब, या फाटकातून न विचारता मी एकदाही पाय टाकलेला नाही. माझ्या वडिलांनीही नाही. दर हंगामाला, दर दिवशी विचारलंय. आबा आहेत इथे. त्यांना विचारा."

वारा पडला होता. टंकलेखकाची बोटं तेवढी चालत होती.

आणि बाबा आबांकडे वळले. कसे वळले ते मी सांगू शकत नाही. कोर्ट, वकील, मी, सगळं विसरून गेल्यासारखे, हातात फडकं धरून. म्हणाले, "आबा, विचारत होतो की नाही मी?"

आबांचा हात वर आला. थरथरत वर आला आणि हवेत उडाला. एकदा, पुन्हा एकदा.

"काय म्हणतायत ते?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

धाकटे बागवाले खाली मातीकडे बघत होते. शेवटी बाबाच म्हणाले, "ये म्हणतायत. विचारतोस काय, म्हणतायत."

"नोंद व्हावी," तो मऊ आवाज म्हणाला. "परवानगी मागितली जात होती आणि दिली जात होती."

टंकलेखकाने नोंद केली. न्यायाधीश बाईंनी बाबांना विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत ते तुम्हाला कळतंय ना? काही बदलायचं आहे?" मला वाटतं, त्यांना बदलून हवं होतं. बाबा म्हणाले, "खरं आहे ते बाईसाहेब. त्यात काय बदलायचं?" आणि त्यांनी सही केली, पहिलं अक्षर मोठं काढून, मी शिकवलं होतं तसं.

घरी जाताना गाडी बरोबर नव्हती तरी बाबांचे हात पुढे धरल्यासारखे होते. मी एक शब्द बोलले नाही. मी! आई डाव्या बाजूला चालत होती. खूप पुढे आल्यावर बाबाच म्हणाले, "मला सगळं पाठ होतं गं. तू शिकवलेलं."

"हं."

"पण आबा बघत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणू, की तुम्हाला कधी विचारलंच नाही? बोलताही येत नाही माणसाला. त्यांना काय वाटलं असतं?"

मी रडायला लागले. रस्त्यावर, मोठ्याने, जशी बोलते तशीच. बाबांनी फडक्याने माझं तोंड पुसलं. त्याला लव्हाळ्याचा वास येत होता.

निकाल आला. वापर परवानगीने होता, परवानगी मालकाला मागे घेता येते, पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. मध्ये एक ओळ होती, की अर्जदाराच्या सचोटीबद्दल न्यायालयाला आदर वाटतो. मी वाचून दाखवलं तेव्हा आईने विचारलं, "सचोटीवर भारा ठेवता येतो का?" कुणी हसलं नाही. माग तेवढा वाजत राहिला.

प्रकल्प मी पूर्ण केला. मुखपृष्ठ बदललं नाही. वर्गासमोर उभी राहून सगळं सांगितलं, उघडपणे, शांततेने, खंड न पडता. हक्काने या शब्दापाशी आले तेव्हा कुत्र्याच्या कायद्यावाली मैत्रीण उभी राहिली. "मग आता कुणाला विचारायचंच नाही का?" तिने विचारलं. खोडीने नाही, खरंच विचारलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी सगळ्यांना उत्तरं देणारी मुलगी. मी खडू खाली ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. बाईंनी मला सगळ्यात जास्त गुण दिले. मला ते नको होते असं नाही. पण घरी नेऊन दाखवावेसे वाटले नाहीत.

लव्हाळा पुन्हा पिवळा पडला. हातगाडी आता अंगणात उलटी करून ठेवलीय, चाकं वर. त्यावर आई वाळवण घालते.

कापणीच्या पहिल्या दिवशी आम्ही विळे आणि दोर घेऊन निघालो. टेकडीच्या पायथ्याशी बाबा थांबले. पुढे दगडांशिवाय काही नव्हतं. ना फाटक, ना माणूस. त्यांनी डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं आणि उभे राहिले. मागे आई थांबली, तिच्यामागे मी. आबांची नक्कल माझ्या तोंडात तयार होती. ती बाहेर आली नाही. थोड्या वेळाने बाबांनी फडकं पुन्हा बांधलं आणि चढायला लागले.

परतताना तिघांच्याही डोक्यावर भारे होते. टेकडीच्या माथ्यावरून सगळी बाग दिसते. नळ्यांच्या काळ्या रेघा, विहीर, बंद फाटक. झाडाखाली खुर्ची. आई तिकडे बघू शकत नव्हती, बाग तिच्या डावीकडे होती. बाबांना भाऱ्यामुळे मान हलवता येत नव्हती. पाणी त्यांच्या कानामागून निथळत होतं.

"आबा दिसतात का गं?" त्यांनी विचारलं.

"दिसतात."

"काय करतायत?"

फाटकापाशी कुणीही नव्हतं. कुलपासमोर नुसतं ऊन होतं. आबांचा हात वर गेला, हवेत उडाला, खाली आला आणि पुन्हा वर गेला.

"ये म्हणतायत," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले, आणि उताराला लागले.